पोटातला गोळा

पोटाच्या बाबतीत आपली मराठी फार जाणती आहे. परीक्षेच्या निकालाला पोटात गोळा येतो, अपरात्री फोन वाजला की पोटात धस्स होतं, दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवायचं असतं आणि धाकट्यांची चूक पोटात घालायची असते. पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना हे सगळे वाक्प्रचार मी मुलांना अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला लावले. त्यातल्या पहिल्याचा प्रत्यक्ष उपयोग माझ्यावरच होईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

झालं असं, की २०१३ साली शाळेची सहल गेली होती. वाटेतल्या जेवणात काहीतरी बाधलं. परतीच्या प्रवासात, भर घाटात, मला बस थांबवायला लावून झुडपाआड पळावं लागलं. बसमध्ये आठवीची पन्नास मुलं होती. कुणी हसलं नाही, निदान माझ्या देखत तरी नाही. जुलाब चार दिवसांत थांबले, पण पोट काही पूर्ववत झालं नाही. कुठं निघायचं म्हटलं की मुरडा येई. दोनदा, तीनदा जाऊन यावं लागे. एखादवेळी काहीच होत नसे, पण होईल की काय या धास्तीनं जीव अर्धा होई.

हळूहळू माझा नकाशाच बदलला. कल्याणमध्ये कुठल्या दुकानाच्या मागे, कुठल्या मंगल कार्यालयाच्या कोणत्या मजल्यावर स्वच्छतागृह आहे, हे मला पाठ झालं. मुंबईच्या लोकलमध्ये तशी सोय नसते, म्हणून लोकल बंद केली. नाटक-सिनेमा बंद. लग्नाला गेले तर अक्षता टाकून, न जेवता घरी. आमच्या संस्थेच्या ठाण्याच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा चालून आली होती, तीही 'घरच्या अडचणी'मुळे नाकारली. खरी अडचण यजमानांनाही धड सांगितली नव्हती. बाईमाणसानं पोटाच्या तक्रारी चारचौघांत काय सांगायच्या!

माझं माहेर वाईचं. पुण्यापर्यंत आगगाडी आहे आणि आगगाडीत सोय असते, तिथवर प्रश्न नव्हता. पण पुढं स्वारगेटहून वाईची एसटी धरायची, म्हणजे जेमतेम नव्वद किलोमीटर, आणि मध्ये खंबाटकीचा घाट. पुन्हा घाट! २०१६ पासून मी दादाला भाऊबीजेला फोनवरच ओवाळू लागले. २०१८ साली दादाची बायपास झाली. वहिनीचा फोन आला, "वन्सं, येताय ना? सारखे तुमचं नाव काढतायत." मी सांगितलं, शाळेत परीक्षा आहेत. परीक्षा नव्हत्या. त्यानंतर दादाचे फोन कमी झाले. तो रागावला नाही, पण त्यानं विचारायचंच सोडलं, आणि ते मला जास्त लागलं.

२०२३ च्या मे महिन्यात लेकीनं मला जवळजवळ ओढतच पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्ताच्या, शौचाच्या तपासण्या केल्या, थायरॉइड पाहिलं, वय पन्नाशीपुढचं म्हणून दुर्बिणीनं मोठं आतडंही तपासलं. सगळं स्वच्छ निघालं. मग म्हणाले, "याला आयबीएस म्हणतात, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतडं चिडकं झालंय असं समजा."

"म्हणजे मला काही झालेलं नाही? सगळं मनाचंच?"

"तसं मी म्हटलेलं नाही," ते म्हणाले. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं असं मोठं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं, हे त्यांनी मला समजावलं. एखाद्या जंतुसंसर्गानंतर हे बोलणं काही जणांत बिघडतं. आतड्यातली साधी हालचालसुद्धा मेंदूला कळ म्हणून ऐकू येते आणि मेंदू घाबरला की आतडं आणखी जोरात हलतं. ध्वनिक्षेपकाचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा, तसं. दुखणं खरंच असतं, आवाज मात्र अवाजवी मोठा झालेला असतो. औषधं आणि खाण्यातले बदल त्यांनी सुचवले. चार-सहा आठवड्यांत थोडा फरक पडला, पण एसटीचं नाव काढलं की गोळा होताच. तेव्हा त्यांनी चिठ्ठी दिली एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंच्या नावाची. खाली लिहिलं होतं : सीबीटी आणि संमोहनोपचार.

संमोहन! माझ्या डोळ्यांपुढं लहानपणी वाईच्या गणेशोत्सवात पाहिलेला प्रयोग उभा राहिला. काळा कोट घातलेले गृहस्थ, रंगमंचावर बोलावलेली पाच-सहा पोरं, त्यातला एक कच्चा बटाटा सफरचंद समजून खातोय, दुसरा कोंबड्यासारखा आरवतोय, आणि आम्ही पोट धरून हसतोय. या वयात मी आरवायचं की काय? यजमान म्हणाले, "जाऊन तर ये. नाही पटलं तर उठून यायचं." मी गेले. पाय जड झाले होते, पण दादाचं न विचारणं त्याहून जड होतं.

बाई माझ्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी लहान असतील. मी 'डॉक्टर' म्हणताच त्यांनी सांगितलं, "मी औषधं लिहून देत नाही, बाई. तुमची औषधं पोटाचे डॉक्टरच बघतील. आपण दोघी फक्त काम करायचंय." मी शिक्षिका, म्हणून त्या मला बाई म्हणू लागल्या आणि मी त्यांना मॅडम. खोलीत लंबक नव्हता, काळा पडदा नव्हता. पहिला तासभर नुसते प्रश्न झाले. केव्हा सुरू झालं, कशानं वाढतं, झोप कशी आहे, पूर्वी कधी फिट आली होती का, भास होतात का, घरात कुणाला गंभीर मानसिक आजार आहे का. काही आजारांत संमोहन टाळतात किंवा फार जपून करतात, म्हणून हे विचारावं लागतं, असं त्या म्हणाल्या. साधारण दहा बैठका, आठवड्याला एक, रोज घरचा अभ्यास, आणि पाचव्या बैठकीनंतर दोघींनी मिळून आढावा घ्यायचा, असं ठरलं. फी किती तेही आधीच सांगितलं.

माझ्या शंका त्यांनी एकेक करून ऐकल्या. मला झोप लागेल का? नाही, वाचनात गढून गेल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात, तशी ती अवस्था असते. मनाविरुद्ध काही बोलेन का? नाही, नको वाटलं तर डोळे उघडून उठता येतं. बाहेर येता आलं नाही तर? तसं होत नाही. फार तर खरीच झोप लागेल आणि मग जाग येईल. रंगमंचावरची ती पोरं? त्यांतली बहुतेक आधीच पारखून घेतलेली असतात, आणि हजार लोकांपुढं उभं राहिल्यावर माणूस थोडं नाटक करतोच.

मास्तरकी अंगात मुरलेली, म्हणून मी घरी येऊन वाचायला बसले. अठराव्या शतकात व्हिएन्नाहून पॅरिसला आलेल्या मेस्मर नावाच्या वैद्यानं शरीरातल्या चुंबकीय प्रवाहानं रोग बरे करण्याचा दावा केला होता. १७८४ साली फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. असा कुठलाही प्रवाह नाही, जे घडतं ते कल्पनाशक्तीमुळे, असा निकाल त्यांनी दिला. मेस्मरचं दुकान बसलं, पण कल्पनाशक्तीनं एवढं घडतं ही गोष्ट उरलीच. पुढं मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यवैद्यानं १८४३ साली पुस्तक लिहून 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला, ग्रीकांच्या निद्रादेवतेवरून. ही झोप नव्हे, एकाच गोष्टीवर खिळलेलं मन आहे, हे त्यालाच नंतर उमगलं, पण तोवर नाव चिकटलं होतं. आणि आपल्या बंगालमध्ये, हुगळीला, जेम्स एस्डेल हा कंपनी सरकारचा डॉक्टर १८४५ पासून याच मार्गानं रुग्णांना गुंगवून शस्त्रक्रिया करत होता. बॉस्टनमध्ये ईथरची भूल दिली गेली ती त्यानंतर, १८४६ साली.

दुसरी बाजू सीबीटीची, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीची. ती पुष्कळ अलीकडची. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि फिलाडेल्फियाच्या अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. आपल्याला त्रास प्रसंगामुळे जितका होतो, तितकाच त्या प्रसंगाचा आपण जो अर्थ लावतो त्यामुळेही होतो. तो अर्थ तपासता येतो आणि वागणंही पायरीपायरीनं बदलता येतं, असं थोडक्यात तिचं सूत्र. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचयाची आहे.

आतड्यासाठी संमोहन ही कल्पना मात्र मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांची. १९८४ साली त्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या तीस रुग्णांवरचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, आणि संमोहन घेतलेल्यांची सुधारणा उठून दिसली. वर्षभर औषधं घेऊनही आयबीएस आटोक्यात येत नसेल, तर सीबीटी किंवा संमोहनोपचाराचा विचार करावा, असं ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना २००८ पासून सांगतात. हे वाचल्यावर कोंबड्याची भीती गेली.

पहिल्या दोन आठवड्यांत संमोहन झालंच नाही. मला एक वही करायला सांगितली. चार रकाने : प्रसंग, मनात आलेला विचार, शरीरात काय झालं, मी काय केलं. मला वाटलं होतं, माझ्या मनात विचार असे काही येतच नाहीत, थेट मुरडाच येतो. वहीनं ते खोटं ठरवलं. रिक्षा सिग्नलला थांबली की आधी विचार येई, 'आता अडकले', आणि मुरडा त्याच्या मागून. मग लिहिलेल्या प्रत्येक विचाराला पेपर तपासल्यासारखं तपासायचं. 'प्रवासात मला आवरणार नाही' असं मी लिहिलं होतं. मॅडमनी विचारलं, "दहा वर्षांत किती वेळा आवरलं नाही?" मी मोजलं. एकदा. तेही अन्नबाधा झालेली असताना. "आणि आवरणार नाही असं किती वेळा वाटलं?" त्याची मोजदाद करणं शक्यच नव्हतं. वर्गातल्या एखाद्या मुलानं एका उदाहरणावरून असा नियम बांधला असता, तर मी लाल शाईनं गोल केला असता.

रकाना चौथा सगळ्यांत त्रासदायक. निघण्याआधी उपाशी राहणं, पर्समध्ये जुलाबाच्या गोळ्या, जागा दाराजवळचीच, चारदा जाऊन येणं. हे सगळे माझे आधार होते. मॅडम म्हणाल्या, या कुबड्यांमुळेच पायावर विश्वास बसत नाही. दर वेळी काही झालं नाही, की श्रेय गोळ्यांना जातं आणि भीती तशीच राहते.

तिसऱ्या बैठकीत संमोहन आलं. आरामखुर्चीत बसायचं, समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहत राहायचं, पापण्या जड झाल्या की मिटायच्या. श्वास, खांदे, जबडा, हात एकेक करून सैल सोडायचे. मॅडमचा आवाज संथ, नेहमीचाच. मग त्यांनी मला आवडीच्या जागी जायला सांगितलं. मी विचार न करता कृष्णेच्या घाटावर गेले, ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांवर. पाऊस ओसरल्यानंतरची कृष्णा. पोटावर तळवा ठेवायचा, तळव्याची ऊब आत उतरतेय असं अनुभवायचं. नदीचा ओघ फार जोरात असेल तर तो आपल्या लयीत संथ करायचा, आतड्याची हालचालही तशीच, असं त्या सुचवत होत्या. बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न मला ऐकू येत होते, नाकाला खाज सुटली तेव्हा मी खाजवलंही. पण दहा मिनिटं झाली असतील असं वाटलं आणि घड्याळात पंचवीस झाली होती. त्याच सूचना मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दिल्या. रोज दुपारी वीस मिनिटं ऐकायचं. यजमानांनी त्याला 'कृष्णास्नान' असं नाव ठेवलं.

दोन उपचारांची सांगड कुठं, ते पुढच्या बैठकांत कळलं. वहीत तपासून घेतलेला विचार नदीकाठी बसून मनात म्हणायचा : 'पोट आवाज करेल, तरी मी बसून राहू शकते.' मग मनानंच लोकलमध्ये बसायचं, मुरडा येऊ द्यायचा, तळव्याची ऊब आठवायची, आणि गाडीतून न उतरता पुढच्या स्थानकापर्यंत जायचं. कागदावर जे बुद्धीला पटतं ते अंगाला पटायला वेळ लागतो. शांत, एकाग्र अवस्थेत केलेली रंगीत तालीम त्याला हातभार लावते. प्रत्यक्ष प्रयोग मात्र त्यानंतर करावाच लागतो, त्यातून सुटका नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. चौथ्या बैठकीत डोळे मिटले आणि मला फक्त उद्याच्या भाजीची आठवण येत राहिली. मी वैतागून म्हटलं, "माझ्यावर नाही चालत हे." मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ सालीच ती मोजायची पट्टी तयार झाली आहे. थोड्या लोकांत ती खूप असते, थोड्यांत अगदी कमी, बाकी आपण सगळे मधले. मी मधल्यांतली. मी पुराव्याबद्दलही खोदून विचारलं. त्यांनी हातचं राखून न ठेवता सांगितलं. १९९५ साली अमेरिकेत अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी अठरा अभ्यास एकत्र केले, तेव्हा नुसत्या सीबीटीपेक्षा संमोहनाची जोड दिलेली सीबीटी बरीच सरस वाटली. पण पुढच्याच वर्षी इतरांनी आकडेमोड पुन्हा तपासली, आणि वजन कमी करण्याबाबतचा फायदा बराच खाली आला. २०२१ साली अधिक अभ्यास घेऊन पुन्हा पडताळा केला गेला; त्यात जोड दिल्याचा फायदा दिसला, पण लहान ते मध्यम. "म्हणजे जादू नाही," मी म्हटलं. "नाही," त्या म्हणाल्या, "पण वरणाला फोडणी दिल्यासारखं आहे. डाळ मुळात शिजलेली हवी."

सप्टेंबरपासून प्रत्यक्ष प्रवास. पहिल्यांदा ठाकुर्ली, एकच स्थानक. मग डोंबिवली. मग पोहे खाऊन डोंबिवली. मग गोळ्या घरी ठेवून दिवा. सातव्या बैठकीच्या आधल्या दिवशी ठाण्याला निघाले आणि मुंब्र्याला घाम फुटून उतरले. फलाटावरच्या बाकावर बसून रडले. तिथंच वही काढून चार रकाने भरले. तिसऱ्या रकान्यापाशी लक्षात आलं, की मुरडा येऊन गेलासुद्धा, आणि मी अजून बाकावरच बसलेय. पुढची गाडी धरून ठाण्याला गेले. मॅडमना ती हकिगत सांगितली तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांत चांगला अभ्यास मुंब्र्याला झाला, बाई."

वाचकांपैकी कुणी या वाटेनं जायचा विचार करत असेल, तर अनुभवाचे चार शब्द सांगते. आधी पोटाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, किंवा झोपेतून उठवणारा त्रास असेल तर संमोहनाच्या मागे लागू नका, दुर्लक्ष तर मुळीच करू नका. चालू औषधं आपल्या मनानं बंद करू नका. उपचार करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर आहे ना, हे संकोच न करता विचारा. आठवड्याभराच्या शिबिरात मिळालेलं प्रमाणपत्र भिंतीवर कितीही सुंदर दिसलं तरी ते पुरेसं नाही. एका बैठकीत खात्रीनं बरं करतो म्हणणारा, मागच्या जन्मात नेणारा, लहानपणीच्या पुसलेल्या आठवणी 'बाहेर काढून देतो' म्हणणारा भेटला तर नमस्कार करून परत फिरा. संमोहनात सुचवलेल्या गोष्टी खऱ्या आठवणींसारख्या वाटू लागतात, हे आता चांगलं ठाऊक झालेलं आहे. घरचं माणूस सोबत बसलं तर चालेल का, हे विचारायला लाजू नका. आणि मन फारच खचलं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ असू द्या; २०२२ पासून ती सेवा विनामूल्य आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

२०२३ च्या भाऊबीजेला मी स्वारगेटला वाईच्या एसटीत बसले. जागा मधली, खिडकीची. सकाळी पोटभर उपमा खाल्ला होता. खंबाटकीच्या चढाला पोटानं आवाज केला. शेजारच्या आजींनी ऐकला असावा. मी तळवा पोटावर ठेवला आणि मनातल्या नदीकडे पाहत राहिले, अर्ध्या तासानं खरीच नदी दिसणार होती. वाई स्थानकावर उतरल्यावर पहिलं काम तेच केलं जे कुणीही केलं असतं. पोट पूर्ण बरं झालंय असं मी म्हणत नाही. आजही महिन्यातून एक-दोन दिवस ते आपलं अस्तित्व दाखवतं. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेतो.

ओवाळून झाल्यावर दादाला सगळं सांगितलं. सहल, घाट, गोळ्या, आणि त्या न झालेल्या परीक्षा. तो बराच वेळ काही बोलला नाही. पाटावरून उठायलाही विसरला. मग वहिनीला हाक मारून म्हणाला, "अगं, हिला तिखट नको करू फार." आणि मला म्हणाला, "वेडे, सांगायचंस की. गाडी करून मीच आलो असतो तुझ्याकडे."

दुसरं काहीच बोलला नाही. पाच वर्षांपूर्वीची माझी थाप त्यानं तिथल्या तिथं पोटात घातली.